दोन सूत

आमच्या घरात शिवणाचं खातं कायम हिच्याकडे. मशीनला तेल घालणं, पट्टा तुटला तर बदलणं आणि दोरा अडकला की "जरा बघता का" म्हणून हाक येईल तेव्हा शटल उघडून देणं, एवढंच माझ्याकडे. चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये 31 वर्षं काढलेल्या माणसाला पायमशीन म्हणजे किरकोळ काम. मशीन काय करतं ते मला ठाऊक होतं. कापड काय करतं ते मात्र माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात लेक मिशिगनहून आली, सहावा महिना लागलेला. बॅगेतून बदाम निघाले, चॉकलेटं निघाली, माझ्यासाठी कसल्याशा गोळ्या निघाल्या आणि तळातून रिबिनीनं बांधलेली कापडाच्या चौकोनांची एक गड्डी. तिच्या ऑफिसातल्या एका बाईंनी दिलेली. पाच इंच बाय पाच इंचाचे 42 तुकडे, एकाच घराण्यातले वाटावेत असे: निळे, पिवळे, बारीक फुलांचे, ठिपक्यांचे. तिकडे अशा तयार गड्ड्या दुकानात मिळतात. चार्म पॅक म्हणतात.

"आई, बाळंतविड्यात याचं एक दुपटं घाल ना."

हिनं दोन तुकडे अंगठा आणि बोटात धरून चोळून पाहिले. "कापड झकास आहे गं. पण नवंकोरं कापड कापून तुकडे करायचे आणि तेच तुकडे परत जोडायचे, हा काय उद्योग?"

लेक हसली. मीही हसलो. पण प्रश्न चुकीचा नव्हता.

ही कराडकडची, तिच्या माहेरी वाकळ म्हणतात. मी सिन्नरचा, आमच्याकडे गोधडी. लग्नाला 41 वर्षं झाली, वस्तू एकच, शब्दाचा निकाल अजून लागलेला नाही. वाकळ असो की गोधडी, ती उरलेल्याची असते. नेसून नेसून मऊ झालेलं लुगडं दुहेरी करून खाली अंथरायचं. त्यावर धोतराची पानं, विरलेले सदरे, परकर, जे असेल ते शिवणी उसवून सपाट पसरायचं. वरून पुन्हा एखादं बऱ्यापैकी लुगडं. जिथे विरलंय तिथे ठिगळ: कडा आत मुडपायच्या, वरून ठेवायचं, टाके घालायचे. मग काठापासून धावदोरा सुरू. चारी बाजूंनी एक फेरा, त्याच्या बोटभर आत दुसरा, असं करत करत मधोमध जाऊन थांबायचं. सासूबाई वाकळ जमिनीवर पसरून तिच्यावरच बसून शिवायच्या. कापड सरकू नये म्हणून अंगाचं वजन हाच क्लॅम्प. फेरा आत सरकेल तसं कापड फुगतं, त्याची लाट होते. ती लाट तळहातानं पुढे पुढे ढकलत न्यायची आणि मध्यावर जिरवायची.

या सगळ्यात पट्टी कुठेच नाही. ठिगळ इंचभर इकडे गेलं काय, तिकडे गेलं काय, खाली कापड आहेच. टूलरूमच्या भाषेत सांगायचं तर टॉलरन्स भरपूर.

चौकोन जोडायचे म्हटलं की खालचं कापडच नाहीसं होतं. दोन तुकडे सुलट बाजूनं एकमेकांवर ठेवायचे आणि काठापासून पाव इंच आत शिवण मारायची. पाव इंच म्हणजे दोन सूत. आठ सुतांचा एक इंच, हे माप सुतारांच्या, फिटरांच्या आणि जुन्या शिंप्यांच्या तोंडी अजून आहे. तर ती दोन सूत आत जातात आणि पुन्हा कुणाला दिसत नाहीत. पाच इंचाचा तुकडा चारी बाजूंनी जोडला गेला की साडेचार इंचांचाच उरतो. तीन तुकड्यांची एक ओळ, अशा तीन ओळी, मिळून नऊ तुकड्यांचा एक ब्लॉक. तिकडे त्याला नाइन पॅच म्हणतात आणि शिकाऊ माणसाला पहिला हाच देतात. तीन वेळा साडेचार म्हणजे साडेतेरा, वर अजून न जोडलेल्या बाहेरच्या काठांची दोन-दोन सूत. ब्लॉक बरोबर 14 इंच भरला पाहिजे.

42 तुकड्यांत असे चार ब्लॉक होतात, सहा तुकडे उरतात. चार ब्लॉक जोडले की 27 इंच. सभोवार साडेचार इंचांचा काठ लावला तर 36, म्हणजे चारी बाजूंनी एक वार. हा हिशेब मी वर्तमानपत्राच्या कडेला केला आणि बाळाच्या दुपट्यात वार हे माप आपसूक आलेलं पाहून मला इतका आनंद झाला की तोंडातून निघून गेलं, "मी करून बघू का?"

हिनं माझ्याकडे पाहिलं. नव्या अप्रेंटिसकडे मी पहिल्या दिवशी असाच पाहायचो.

पहिली अडचण तुकड्यांच्या काठाशी आली. दोरे सुटू नयेत म्हणून या तुकड्यांचे काठ करवतीसारखे कातरलेले असतात, बारीक दात असतात त्यांना. आता दोन सूत मोजायची ती दाताच्या टोकापासून की खाचेपासून? गिअर मोजताना बाहेरचा व्यास वेगळा आणि दातांच्या मुळाचा वेगळा, आणि तुम्ही कोणता धरलाय हे ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. इथे ड्रॉइंग नव्हतं. मी विचार केला, सलग कापड खाचेपासून सुरू होतं, दात म्हणजे नुसती झालर. मशीनच्या पत्र्यावर सुईपासून दोन सुतांवर रेघ मारली, खाचा त्या रेघेवर धरल्या आणि शिवत सुटलो. एका ब्लॉकला शिवणी आठ: ओळींच्या आतल्या सहा आखूड, ओळी जोडणाऱ्या दोन लांब. संध्याकाळपर्यंत ब्लॉक तयार.

पोलादी पट्टी लावली. 13 इंच 6 सूत.

दोन सूत गेली कुठे? पुन्हा मोजलं, तेवढंच. मग कागद घेतला. एका ओळीत दोन शिवणी, प्रत्येक शिवणीत दोन काठ, म्हणजे चार काठ. प्रत्येक काठाला अर्धं सूत जास्त आत गेलं तर चार अर्धी मिळून दोन. अर्धं सूत म्हणजे दाताची उंची! कारखान्यानं पाच इंच टोकापासून टोकापर्यंत धरले होते आणि मी खाचेपासून. लेकीला दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, दोन सुतांनी काय होतंय? चारही ब्लॉक असेच करा, सारखे होतील." व्यवहारी सल्ला होता आणि बरोबरही होता. मला मात्र त्या रात्री नीट झोप आली नाही. सकाळी चहाआधी उसवायला बसलो.

उसवणं हे लोखंडात नसतं. लेथवर एकदा जास्त कापलं की तो जॉब भंगारात. घसरगुंडीसारखी ती चूक कळायच्या आत होऊन जाते आणि सुपरवायझर नुसता बघतो. इथे ब्लेडच्या टोकानं तीन टाके सोडून एक टाका कापत गेलं की दुसऱ्या बाजूचा दोरा सरळ ओढून निघतो, आणि दोन तुकडे होते तसे हातात. अगदी होते तसे मात्र नाहीत. सुईची भोकं राहतात आणि कापड किंचित सैलावतं. पण वापरता येतात. या वयात असं काम हाती लागावं याचं मला फार अप्रूप वाटलं.

दुसऱ्या वेळी रेघ पुसून टाकली आणि चिकटपट्टीचे सात-आठ थर एकावर एक लावून छोटी भिंत उभी केली. दातांची टोकं भिंतीला टेकवायची, डोळ्यांनी बघायचं कामच नाही. आता ओळ भरली, पण दोरा-दीड दोरा कमी. दाताचा दोष नव्हता. शिवण उलगडून एका अंगाला पाडली की कापडाच्या घडीत थोडं कापड खर्च होतं, आणि घडीला जाडी असते. भिंत दोऱ्याएवढी सुईकडे सरकवली. तिकडचे लोक याला 'किंचित कमी पाव इंच' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. सगळ्या जगाचे कारागीर शेवटी किंचितवरच येतात.

मग वेग आला. दोन तुकड्यांची जोडी शिवून झाली की दोरा न तोडता लगेच पुढची जोडी सुईखाली सरकवायची, मग पुढची. मशीनमागे पताकांची माळ लोंबायला लागते. गणपतीत मंडळाच्या पोरांनी लावावी तशी. दिवाणखान्यात ती माळ घेऊन मी उभा होतो तेव्हा शेजारचे आले होते, त्यांनी विचारलं, "काय, कुणाचं लग्न?"

पण या कामातली खरी गंमत आहे ती चार तुकड्यांचे कोपरे एका बिंदूत येतात तिथे. ते कोपरे सुताभरानं जरी चुकले तरी आख्ख्या ब्लॉकमध्ये नजर तिथेच जाते. त्यावर इलाज इस्त्रीत आहे. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीच्या शिवणी उजवीकडे पाडायच्या, मधल्या ओळीच्या डावीकडे. मग दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की एका शिवणीचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्याला अडतो. अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच सरकवायचं. आधी दोन कंगोरे जाणवतात, मग ते जवळ येतात आणि एका क्षणी मधे काहीच जाणवत नाही. सपाट. लाकडाच्या फळीची जीभ खोबणीत बसते तसं. तिथे टाचणी टोचायची. हे डोळे मिटून करता येतं, किंबहुना मिटूनच चांगलं होतं. टूलरूममध्ये दोन स्लिप गेज, म्हणजे मापाच्या गुळगुळीत पोलादी वड्या, एकमेकांवर घासून चिकटवताना बोटांना असंच कळायचं. निवृत्तीनंतर पाच वर्षांत ती जाणीव बोटांना पहिल्यांदा झाली आणि मी हिला हाक मारली. "इकडे ये, डोळे मिट, हे धर." ती पीठ मळत होती. हात धुऊन आली, धरलं, म्हणाली, "हं, बसलंय," आणि गेली.

इस्त्रीचा मार मात्र खाल्ला. तिसरा ब्लॉक मी कपड्याला करतो तशी जोरात इस्त्री फिरवून सपाट केला आणि त्याची पतंगासारखी तिरपी आकृती झाली. एक कर्ण 20 इंचांच्या आत, दुसरा बाहेर. कापड उभ्या-आडव्या धाग्यात ताठ असतं, उरेब धरून ओढलं की वाहतं. पोलादाला असली खोड नाही. ही म्हणाली, "इस्त्री फिरवायची नसते हो, ठेवायची. ठेवा, उचला, पुढे ठेवा." पाण्याचा हात लावून, उलट्या कर्णात जरासा ताण देऊन तिनं तो ब्लॉक मार्गावर आणला. कसं, ते विचारलं तर सांगता येईना तिला.

दरम्यान तिचा मूळ प्रश्न माझ्या डोक्यात होताच. चांगलं कापड कापून परत जोडायचं कशाला? मला टूलरूममधल्या एका सहकाऱ्याची आठवण झाली. दर 14 ऑक्टोबरला पेढे आणायचा. त्यानं एकदा जेवणाच्या सुट्टीत भिक्खूंच्या चीवराची गोष्ट सांगितली होती. भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ विनयपिटक, त्याच्या महावग्ग या भागात ती आहे. बुद्ध राजगृहाहून दक्षिणेकडे निघाले असताना त्यांना मगधाची शेतं दिसली: लांबट पट्टे, मधे बांध, बांधाला बांध मिळतो तिथे चौक. ते आनंदला म्हणाले, भिक्खूंची चीवरं अशी करता येतील का? आनंदनं करून दाखवली. तेव्हापासून चीवर अखंड कापडाचं नसतं, कापलेल्या तुकड्यांचं, शेताच्या बांधांसारखं जोडलेलं असतं. आणि कापण्याचं कारणही त्यात दिलंय: कापलेल्या कापडाला बाजारात किंमत राहत नाही, त्याचा कुणाला मोह होत नाही. माझ्या दृष्टीनं आनंद हा पहिला पॅटर्नमेकर. त्याला शेत दाखवलं आणि त्यानं ड्रॉइंग काढलं.

हे मी हिला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "ते भिक्खूंचं झालं. हे तुकडे कापले ते मोह व्हावा म्हणूनच की. रिबीन काय उगाच बांधली होती?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

एका रात्री मोबाइलवर बघता बघता जीज बेंडची दुपटी समोर आली. अमेरिकेत अलाबामा नदीच्या एका वळणावर हे गाव आहे, वस्ती कृष्णवर्णीय, पूर्वज तिथल्याच कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. तिथल्या बायकांनी मळ्यावर घालायच्या कपड्यांची, जीनच्या विटक्या विजारींची दुपटी शिवली, थंडीपुरती. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात ती भिंतींवर लागली, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनीमध्ये, आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. मी फोटो हिच्यापुढे धरला. विजारीचा खिसा काढून घेतल्यावर खाली राहिलेला गडद निळा चौकोन तसाच ठेवलेला होता. तिनं बराच वेळ पाहिलं. "ही आपल्यातलीच," म्हणाली. "हिनं मोजलेलं नाही."

असंच ती एकदा कर्नाटकात यल्लापूरला म्हणाली होती. दांडेलीकडून परतताना रस्त्याकडेच्या कुंपणावर एक गोधडी वाळत होती, लाल-हिरवी, भडक, आणि चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेली फुलं. गाडी थांबवायला लावली तिनं. ती सिद्दी लोकांची कवंदी. हे आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे वंशज, त्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगिजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आणि तिथून घाट चढून पळालेले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात त्यांची वस्ती आहे. घरातली म्हातारी बाहेर आली आणि दोघी कोंकणी-मराठीच्या सरमिसळीत अर्धा तास बोलल्या. काठापासून सुरुवात, फेरे आत आत, शेवट मध्यावर. सासूबाई करायच्या तेच. मी गाडीत बसून हॉर्न वाजवत होतो. आज वाटतं, उतरायला हवं होतं.

चार ब्लॉक झाले, जोडले. भरले 27 इंच आणि बाहेरची चार सूत, एका बाजूला सूतभर कमी. काठासाठी हिनं ट्रंकेतून सासूबाईंचं इरकल लुगडं काढलं. मी लेकीनं मागवून दिलेला गोल पात्याचा कटर घेऊन तयार. पिझ्झा कापतात तसलं चाक, त्याला वस्तऱ्याची धार. ओल्फा या जपानी कंपनीनं तो 1979 मध्ये पहिल्यांदा काढला आणि चौकोन कापणाऱ्या जगाचं कामच बदललं. पट्टी धरून मी पहिली पाच इंचांची चीर कापली. लुगडं इतकं मऊ होतं की पात्याला कळलंसुद्धा नाही. हिनं तोंड फिरवलं होतं. चौथी चीर कापून होईपर्यंत ती गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढत राहिली. वाळलेले नव्हते अजून.

"आईचं जुनं झालेलं होतं, कापायचंच होतं," आत आल्यावर ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

पोटात घालायला लेकीनं पातळ कापसाचा तयार थर आणला होता, खाली माझं एक जुनं धोतर. तिन्ही थर एकत्र शिवायचे ते मशीनवर, शिवणीच्या रेघेवरूनच, म्हणजे चौकोन उठून दिसतील, असा माझा बेत. पेन्सिलीनं आखूनही ठेवलं होतं. दुपारी डुलकी काढून उठलो तर ही जमिनीवर दुपटं पसरून मांडी घालून बसलेली, आणि काठापासून एक फेरा पुरा झालेला. मोठ्या सुईनं, दुहेरी दोऱ्यानं, बोटभर अंतरावर. माझ्या रेघा तिथेच होत्या, तिचे टाके त्यांना ओलांडून सरळ चालले होते. चौकोन आला काय, शिवण आली काय, फेऱ्याला त्याचं काही नाही.

"अगं, रेघा मारल्यात मी."

"दिसतायत की. धुतल्यावर जातील."

मी खुर्चीत बसून बघत राहिलो. तीन दिवस लागले. ज्या कोपऱ्यांसाठी मी डोळे मिटून टाचण्या टोचल्या होत्या त्यांच्यावरून तिचा दोरा वाकडातिकडा गेला आणि कापडाला बारीक सुरकुत्या पडल्या. चौकोन आता पाण्याखाली बघितल्यासारखे दिसत होते. मध्यावर गाठ मारून तिनं दोरा दातानं तोडला. मी पट्टी घेतलीच. एका बाजूनं 35 इंच 2 सूत, दुसऱ्या बाजूनं 35 ला सूतभर कमी. वार काही भरला नाही.

दुपटं लेकीबरोबर गेलं. उरलेल्या सहा तुकड्यांतले चार हिनं त्याच्या चार कोपऱ्यांना घडी घालून लावले होते, यल्लापूरच्या म्हातारीनं दाखवल्यासारखे. राहिलेले दोन काही दिवसांनी मला गॅसजवळ सापडले. एकमेकांवर ठेवून, उलटवून, मधे जुन्या टॉवेलचा थर घालून केलेलं, गरम भांडं उतरवायचं फडकं. एका कोपऱ्यात करपलेलंही होतं. ही भाजी आणायला गेली होती. मी फडकं ओट्यावर सपाट केलं आणि पट्टी लावली. तीन बाजू साडेचार इंच. चौथी चार इंच तीन सूत.

फडकं होतं तिथे ठेवलं आणि चहा टाकला.